अकरा भिंती आणि अक्का

गल्लीत त्याला सगळे ‘हनुवटी’ म्हणायचे. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या प्रत्येकाला तो एकाच सुरात ऐकवायचा, हनुवटी खाली, अजून थोडी, बास, आता श्वास घेतलात तरी चालेल. वीस वर्षं हाच सूर, आणि वीस वर्षं एकच सवय. नवं काम हातात घेतलं की आधी कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून रिकामं करायचं, मग समोरच्या भिंतीवर फोटोच्या ट्रायल मारायच्या. हात आपोआप चालायचे, डोकं लागायचंच नाही.

मंगळवारी सकाळी हात असेच चालले. अकरावी ट्रायल मारताना डोकं जागेवर आलं. रविवारी काढलेले अक्काचे फोटो याच कार्डावर होते, आणि कॉम्प्युटरवर उतरवायचे राहिले होते.

अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. जन्मभर कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात पळायची. पण उपचारांत केस जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिनेच हुकूम सोडला. गुडघ्यापर्यंतचे केस आहेत, फुकट जायला नकोत. नीट काढ, गिऱ्हाइकासारखं उरकू नकोस. त्याने चाळीस काढले. सोमवारी तिने डोक्यावरून वस्तरा फिरवून घेतला.

तो धावतच कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेला. बाईंची तपासणी डॉक्टरांच्या वरताण. कधी झालं, कसं झालं, आधी कधी झालं होतं का? मग म्हणाल्या, पुसलं म्हणजे गेलं असं नसतं, फक्त कार्डावरची फोटोंची यादी फाटते; फोटो जागेवरच असतात, वर दुसरं काही येऊन बसेपर्यंत.

“पुसल्यावर काही काढलंत का?”

“नाही हो,” तो म्हणाला. वीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाला दुसरं काही सांगवेना.

बाईंनी कार्ड लावलं आणि पडद्यावर शोधाचे टक्के सरकू लागले. चौदावर अडकले, मग पुन्हा हलले. साठावर तो उठून उभा राहिला, बाईंनी त्याला खाली बसवलं. मग एकेक चित्र उघडलं. भिंत. भिंत. पुन्हा भिंत, जरा उजेडात. अशा अकरा झाल्यावर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“ही भिंत आपणहून येऊन बसली वाटतं?”

त्याची मान खाली गेली.

पुढचे एकोणतीस धडधाकट होते. सगळे पाठमोरे. समोरून अकरा काढून होईपर्यंत अक्का कंटाळली होती आणि केस मोकळे सोडून पाठ करून बसली होती. भिंती नेमक्या त्या पहिल्या अकरांवर जाऊन बसल्या होत्या. त्याने विचारलं, एकही चेहरा नाही? बाई म्हणाल्या, असता तर मी लपवून ठेवला असता का? पण हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं.

संध्याकाळी त्याने अक्काला सगळं सांगितलं, खोटं बोललेलंसुद्धा. तिने त्या एकोणतीस पाठी एकेक करून पाहिल्या.

“केस मिळाले ना?” ती म्हणाली. “तोंड अजून आहे माझ्याकडे. घे काढून.”

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि खिडकीपाशी बसली. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगात अक्का नव्हतीच. तुळतुळीत डोक्याचे हुबेहूब बाबा बसले होते, वारण्याआधीच्या शेवटच्या महिन्यातले. त्याचं बोट बटणावरच राहिलं.

“अरे, दाब ना,” ती म्हणाली. “मान अवघडली माझी.”