दाजींनी सांगितलेली उंची

माझ्या आक्काला बेळगुंदीला दिलं होतं. दाजी पलटणीत होते. बंदूक धरायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. सुट्टीवर आले की ते मला रताळ्याच्या शेतात बांधावर पालथं झोपवायचे आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर गाल दाबून धरायला लावायचे. पेन्शन घेऊन घरी आल्यावर तर आमच्या डोंगरपट्ट्यात त्यांचाच शब्द चालू लागला. रानडुकरं रताळी उकरायला लागली की आरडाओरडा करून त्यांना बंदुकांपुढं हाकलायला गावाचा हाका निघायचा, आणि कुठल्या बंदूकवाल्यानं कुठं बसायचं ते दाजी ठरवायचे. माझ्या सख्ख्या भावानं मला जेवढं सांगितलं नसेल तेवढं त्यांनी सांगितलं, असं मी चारचौघांत म्हणायचो.

महायुद्ध संपलं आणि बेळगावच्या कॅम्पातले साहेब विलायतेला परतू लागले. त्यांचं सामान लिलावात निघायचं. तिथून दाजींनी आणि मी रायफलीवर बसवायच्या दोन दुर्बिणी आणल्या, अगदी एकसारख्या. पीक राखायच्या परवान्यावर माझ्याकडं एक जुनी रायफल होती. तिच्यावर दुर्बीण बसवायला मी कॅम्पातल्या मिस्त्रीकडं गेलो, तर त्यानं दुर्बीण नळीवर धरून ठेवणारी दोन तऱ्हेची कडी पुढं ठेवली. एक बुटकी, एक उंच. बुटक्या कड्यांत दुर्बीण नळीला लागून बसते, पण मग गोळी भरायला बोल्टची, म्हणजे मागच्या दांड्याची, मूठ वर उचलताना ती दुर्बिणीवर आपटते. म्हणून मूठ तापवून वाकवावी लागते. उंच कड्यांत ती अडचण नाही. मिस्त्री म्हणाला, "तुम्ही ठरवा."

मी ठरवणार कसलं? तसाच बेळगुंदीला गेलो.

"उंचच बसव," दाजी म्हणाले. "मूठ तापवलीस तर लोखंड मऊ पडंल, बंदूक वाया जाईल. शिवाय उंच असली की दुर्बिणीखालनं नळीच्या टोकाची नेम धरायची माशीबी दिसती."

"पण दाजी, गाल टेकला तर डोळा दुर्बिणीपर्यंत पोचत न्हाय."

"हळूहळू सवय हुती रं. मीबी तशीच बसवून घेणार हाय."

मी उंच कडी बसवून घेतली. निशाण्याला दगड ठेवून सराव करताना मान वर धरावी लागायची, हनुवटी दस्त्याच्या वर अधांतरी राहायची. डोकं जरा हललं की काचेत काळी सावली यायची आणि दगड दिसेनासा व्हायचा. सवय होईल म्हणून मी रोज बार काढत राहिलो.

त्या हिवाळ्यातल्या हाक्याला दाजींनी मला ओढ्याच्या तोंडाशी बसवलं. स्वतः ते पलीकडच्या काठावर लांब बसले. आरडाओरडा जवळ आला आणि करवंदीच्या जाळीतून एक थोराड डुक्कर नीट माझ्या अंगावर निघालं. मी रायफल खांद्याला लावली. काचेत काळोख. मान वर केली, खाली केली, एकदा नुसते डुकराचे केस दिसले आणि मी चाप ओढला. गोळी मातीत गेली. डुक्कर वळलं ते हाकारे येत होते तिकडं. आमचा शेजारी सगळ्यांच्या पुढं होता. त्याची मांडी डुकरानं गुडघ्यापर्यंत फाडली. पलीकडून दाजींचा बार झाला आणि डुक्कर आडवं झालं.

शेजाऱ्याला घोंगड्यात घालून गावाकडं नेताना माणसं माझ्याकडं बघत होती. दाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराचा हात अजून बसला न्हाय. त्याला काय बोलू नका." मला तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले.

पुढं काही दिवसांनी आक्काकडं गेलो. ती भिंत सारवत होती. "तेवढी त्यांची बंदूक खुंटीवरनं काढ रं," म्हणाली. मी ती काढली आणि सहज खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकला आणि डोळ्यापुढं अंगणातला पेरू लख्ख उभा राहिला, पानन् पान. दुर्बीण नळीला लागून होती. मूठ वाकवलेली होती.

"आक्का, ही कधी बसवली?"

"तू इचारायला आलतास न्हाय का, त्याच्या आधीच. बोल्टाला ओली फडकी गुंडाळून लोहाराकडनं नुसती मूठ तापवून घेतली. म्हणजे बाकीचं लोखंड बिघडत न्हाय म्हणं. तुला सांगिटलं न्हाय व्हय त्यांनी?"

दाजी गोठ्यात होते. मी विचारलं, "मला उंच बसवायला का सांगितलं?"

ते वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "माझी नजर गेली रं. दुर्बिणीबिगर मला झाड आन माणूस सारखंच दिसतंय. तुझी चांगली हाय. तुझीबी दुर्बीण नीट बसली असती, तर हाक्याला मला कुणी इचारलं असतं?"

"आन त्या माणसाची मांडी?"

"डुक्कर तिकडं वळंल हे कुणाला ठावं हुतं?" एवढं बोलून ते पाण्याची बादली घेऊन विहिरीकडं गेले.

मी मिस्त्रीकडून मूठ वाकवून घेतली, बुटकी कडी बसवली. पहिलाच बार दगडावर बसला. मी बंदूक पुसून ठेवून दिली. हाक्याला पुन्हा गेलो नाही, आपल्या शेतापुरती राखण करत राहिलो.

आक्काचं घर होतं, म्हणून कुणाजवळ बोललो नाही. भाऊबीजेला जायचो, दाजींच्या समोरच्या पाटावर जेवायचो, पाऊसपाण्याचं विचारायचो. शेजारी बरा झाला, पण पाय कायमचा लंगडा राहिला. आमच्या बांधावरून जाताना तो थांबायचा आणि म्हणायचा, "तुझं दाजी हुतं म्हणून मी वाचलो बग."

मी व्हय म्हणायचो.