खाऱ्या पाण्याचा नळ

हे कुणाला कळलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईलाही नाही. तुला सांगायला बसलेय, तर आत्तासुद्धा हात गार पडलेत — आणि गोष्ट कसली, तर माशांची. हसशील तू.

माझे सासरे, आप्पा, मूळचे रत्नागिरीकडचे. जन्म इथल्या कंपनीत गेला, पण डोक्यातला समुद्र काही गेला नाही. रिटायर झाल्यावर दिघीच्या फ्लॅटमध्ये त्यांनी समुद्राच्या माशांची काचेची टाकी मांडली. नारिंगी पट्ट्यांची एक जोडी होती. सासूबाई गेल्यावर तर ते आमच्याशी कमी आणि त्या जोडीशीच जास्त बोलायचे. मग मोठी टाकी आणली. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, ताईंनी, ती सकाळी घासून लख्ख केली आणि त्या बाजारात गेल्या. आप्पा रक्त तपासायला गेलेले. घरात मी एकटी, नवी सून.

आणि जुनी टाकी गळायला लागली. सांध्यातून धारच! मी आप्पांना फोन लावला.

"घाबरू नकोस गं," ते म्हणाले. "नव्या टाकीत खारं पाणी भर आणि जोडी अलगद सोड."

आता तूच सांग, खारं पाणी म्हणजे काय? आमच्या सोसायटीतलं शेंबडं पोरही सांगेल — गोडं म्हणजे महापालिकेचं, खारं म्हणजे बोअरचं. बाथरूममध्ये दोन वेगळे नळच आहेत. मी खाऱ्या नळाच्या बादल्या ओतल्या. मासे सोडले. वर मनात म्हणाले, बघा म्हणावं, कशी कामाची सून आहे.

ते तिरपे पोहायला लागले. तोंडं नुसती उघडमीट. तेव्हा मला बाल्कनीतला निळा ड्रम आठवला. पाणी दिवसाआड येतं, ड्रम कुणाकडे नसतो? मला तो साठवणीचाच वाटला होता. बोट बुडवून जिभेला लावलं — मीठ! आप्पांनी आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं.

इथवर चूक होती. पण पुढे? मासे जिवंत होते गं. उचलून ड्रममध्ये टाकले असते तर कदाचित... मी ड्रम आडवा केला. सगळं पाणी मोरीत जाऊ दिलं — म्हणजे वाटावं, तेच भरलं. मला फक्त लिफ्टचा आवाज ऐकू येत होता. आप्पा येतील, खेड्यातली बावळट म्हणतील, एवढंच. आत ते मरत होते आणि मी फरशी पुसत होते.

आप्पा आले. उताण्या पडलेल्या माशांकडे बघत राहिले. "ड्रममधलंच भरलंस ना?"

"हो."

तेवढ्यात ताई पिशव्या घेऊन आत आल्या. आणि मी — खोटंसुद्धा नीट बोलले नाही, नुसतं विचारलं, "ताई, काच साबणानं घासली होती का हो?"

ताईंचा चेहरा पडला. "नाही गं... पण घासणी भांड्यांचीच होती. राहिला असेल का साबण?"

आप्पा आतल्या खोलीत निघून गेले. टाकीकडे पुन्हा फिरकलेही नाहीत. पाणी नुसतं चाखलं असतं तरी मी सापडले असते. टाकी विकली जाईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. त्या दिवसानंतर आप्पांनी ताईंच्या हातचा चहा मागितला नाही. माझ्याकडे मागायला लागले.

आता आप्पा अंथरुणाला खिळलेत. ताई त्यांच्या औषधाला हात लावत नाहीत. "तूच दे बाई, माझ्या हातून काहीतरी व्हायचं," म्हणतात. मनापासून म्हणतात, तेच ऐकवत नाही. सांगावं म्हटलं तर घाम फुटतो. आणि न सांगता आप्पा गेले तर? त्याचीही भीतीच वाटते.

काल गोळ्या दिल्यावर आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ताई दारात उभ्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं नाही.