जिन्यावरचं हळदीकुंकू आणि शिखराची धार

ये गं, अशी जवळ येऊन बस. तो मोबाइल आधी उलटा ठेव. रागावलेय मी तुझ्यावर. मावशी साठी उलटल्यावर बर्फाच्या शिखरावर निघालीय हे तुला कळलं, आणि तू काय केलंस? फोन करून "वेड लागलंय का तुला?" एवढं विचारलंस आणि ठेवून दिलास. अगं, लागलंय वेड. पण कसं लागलं, ते तरी ऐकून घ्यायचं होतंस!

तर आता ऐक. आमचा डोंगर चढणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, मुलुंडमधलाच. त्याची लीडर तिशीतली एक मुलगी, अंगानं काडी पण आवाज हवालदाराचा. हिमाचलातल्या शिखरासाठी मी नाव दिलं तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "काकू, शेवटी एक धार आहे. जेमतेम पाऊल मावेल एवढी, आणि दोन्हीकडे सरळ खाली. पाय आणि दम तुम्ही तयार करा. धारेवर डोकं ठिकाणावर राहतं का, ते मी आधी इथल्या डोंगरावर बघणार. नाही राहिलं, तर तुम्ही खाली तंबूत थांबायचं आणि आमच्यासाठी चहा करून ठेवायचा."

चहा? जन्मभर मी दुसरं काय केलं गं? तिथेही, बर्फात बसून, पुन्हा चहाच?

पण खरं सांगू, उंचीची मला भारी भीती. आमची चाळ पडून टॉवर झाला तेव्हापासून खिडकीबाहेर वाळत घातलेला टॉवेल काढतानासुद्धा मी डोळे मिटते. हे लीडरला कोण सांगणार?

म्हटलं, आधी पाय तर तयार करू. सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरल्या, बूट चढवले आणि लिफ्ट सोडून जिना धरला. तुझे काका दारात उभे. "ह्या वयात डोंगरार कित्याक जातंस गो?" मी म्हटलं, "डोंगर लांब हा. आता गच्चीवर जातंय."

चूक झाली ती मुहूर्ताची. संक्रांत नुकतीच झालेली. टॉवर झाला तरी माणसं चाळीतलीच, संध्याकाळी दारं सताड उघडी आणि घरोघरी हळदीकुंकू. वरच्याच मजल्यावर पहिली हाक आली, "अगो, खंय चाललंस घामाघूम? कुंकू लावून जा!" आता कुंकवाला नाही कशी म्हणणार? कुंकू लावलं की तिळगूळ, तिळगुळावर मसाला दूध, आणि निघताना वाण. कुणी गाळणी दिली, कुणी स्टीलचा डबा, एकीनं तर चक्क पोळपाट! सगळं सॅकमध्ये. गच्चीवर पोचले तेव्हा पाठीवर भांड्यांचं दुकान खणखणत होतं आणि कपाळावर कुंकवाचे इतके थर की देवळातली मूर्ती बरी.

मी मात्र खूश. रोज ओझं वाढतंय, म्हणजे सराव झकास चाललाय! पंधरवड्यानं लीडरनं वजनकाट्यावर उभं केलं.

"काकू, जिना चढताय ना रोज?"

"रोज. ओझं घेऊन."

"मग ओझं पाठीवर वाढवायचं होतं. हे पोटावर कुठून आलं?"

सांगितलं सगळं. ती हसून हसून खालीच बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत तुमच्या बिल्डिंगचा जिना बंद. नाहीतर बायका झोपल्या की चढा." मग मी दुपारची वेळ धरली. जेवणं आटोपून सगळी बिल्डिंग आडवी झाली की मी चोरासारखी वर. त्यानं मात्र पाय झाले हो माझे, दगडासारखे!

आणि मग आली परीक्षा. एका रविवारी लीडर आम्हाला कर्जतकडच्या एका डोंगरावर घेऊन गेली. वर तशीच धार, बर्फ तेवढा नाही. कमरेला दोर बांधला. अर्ध्यापर्यंत मी ऐटीत गेले. तिथे कुठून बुद्धी झाली, खाली पाहिलं. डावीकडे झाडं मेथीच्या जुडीएवढी. उजवीकडे तर झाडंच नाहीत.

मागून लीडरचा आवाज आला, "काकू, का थांबलात?"

"बघतेय."

"काय?"

"गुडघे माझेच आहेत का ते."

"उलट फिरायचं?"

तंबू आला डोळ्यांसमोर, ते चहाचं पातेलं आलं. म्हटलं, मर गं, पण फिरू नकोस. आणि मी सरळ खाली बसले. घोड्यावर बसतात तशी, एक पाय या दरीत, एक त्या दरीत. हात पुढे टेकायचे, बूड उचलायचं आणि सरकायचं. तोंडानं भीमरूपी चालू. पलीकडे पोचले तर लीडर माझ्याकडे टक लावून बघतेय. मला वाटलं, संपलं, वाट लागली.

"काकू, हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही गं. घाबरले, म्हणून बसले."

"वर धार फार अरुंद झाली की आम्हीही असंच सरकतो," ती म्हणाली. "उभ्यानं थरथरणारं माणूस मला दोरीवर नको असतं. तुम्ही चला."

घरी आले ती कमरेला जर्किन गुंडाळून, कारण पँट मागून पार गेलेली. काकांनी पाहिलं. "पडलंस काय गो?" "नाय हो, पास झालंय!" ते पुन्हा पेपरात शिरले. पण हल्ली सकाळी पेपरच्या आधी मोबाइलवर हिमाचलातलं हवामान बघतात.

पुढच्या महिन्यात निघायचंय. चारचौघांत मी मोठ्या बाता मारते, पण तुला म्हणून सांगते, भीती अजून गेलेली नाही. ताटावर बसले तरी मधेच ती दरी दिसते आणि घास हातातच राहतो. काकांना सांगितलं तर ते तिकीटच रद्द करतील, आणि लीडरला तर सांगायची सोयच नाही. कुणाजवळ तरी मनसोक्त घाबरायचंय गं मला एकदा. तेव्हा तू पुन्हा ये, राहायलाच. सोमवारी नको, वालावर भागवावं लागेल. बुधवारी ये, बांगडे आणून ठेवते. पण ये, मी निघायच्या आत.