पद्मिनी, अँबेसेडर आणि एकच शेड

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या गाड्या होत्या. थोरल्या भावजींची अँबेसेडर आणि आमच्या ह्यांची पद्मिनी. अँबेसेडरमध्ये अख्खं वऱ्हाड मावायचं, खड्डा आला तरी ती डुलत जायची. पण पेट्रोल प्यायला बकासुर. पद्मिनी चपळ, पोटाला कमी, नखरे मात्र नव्या नवरीचे. तिच्या एकेका पार्टासाठी हे हैदराबादपर्यंतचे भंगारबाजार पालथे घालायचे. माझ्या माहेरच्या लग्नांना ह्यांना कधी सवड झाली नाही, ते सोडाच.

यंदा रस्ता रुंद झाला आणि गाड्यांचं पत्र्याचं शेड अर्धं गेलं. सासूबाईंनी निकाल दिला, "एक ठिवा, एक इका." कोणती, यावरून दोघा भावांची महिनाभर जुंपली. शेवटी ठरलं, जिंतूरहून येलदरीच्या धरणापर्यंत जायचं; आधी पोचेल ती राहील. तेही भर उन्हाळ्यात, दुपारी! अक्कल गहाण ठेवल्याशिवाय असं सुचत नाही.

मी पद्मिनीत बसले. रोज तिला शिव्या घालणारी मी, त्या दिवशी तीच जिंकावी म्हणून देवाचं नाव घेत होते. अर्ध्या वाटेत अँबेसेडर बॉनेट उघडून उभी दिसली. उन्हानं इंजिनाचा पेट्रोलपंप तापला होता.

"थांबू नका!" मी ओरडले.

हे थांबले. गाडी बंद केली, पंचा प्यायच्या पाण्यात भिजवला आणि भावाच्या गाडीच्या पंपावर गुंडाळला. जरा वेळानं अँबेसेडर खोकली, सुरू झाली, आणि भावजी मागं वळूनही न बघता निघून गेले. आता पद्मिनी सुरू व्हायला तयार नाही; उन्हात उभ्या उभ्या तिचाही पंप तापला. पंचा भावजींबरोबर गेला, पाणी संपलं. चालू होतं ते फक्त माझं तोंड.

धरण गाठून भावजी परत आले आणि दोर बांधून आम्हाला घरी ओढत आणलं. अख्खं जिंतूर बघत होतं.

अंगणात हे पडेल आवाजात म्हणाले, "दादा, तू जिकला. बघतो मी गिऱ्हाईक."

"बघ की," भावजी म्हणाले, "पन माझ्या गाडीला. तिला कुनीबी घील. तुझं हे खटारं कोन घेतंय? राहू दे."

आता हे भांडणार असं मला वाटलं. पण ह्यांनी फडकं घेऊन अँबेसेडरचं बॉनेट उघडलं आणि पुसत बसले. गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसावी म्हणे. इंजिन कधीच चकचकीत झालं होतं, तरी त्यांनी डोकं बाहेर काढलं नाही. मीही हाक मारली नाही.