माझंच स्थळ

आमच्या वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट होती, पण माझ्यासाठी असून नसल्यासारखी. मला जन्मापासून दिसत नाही. संगणकावरचं सगळं मी आवाजातून ऐकते आणि माउसऐवजी कळा दाबून काम करते. ठाण्याच्या ऑफिसात माझी नोकरीच ही: अंध माणसाला एखादी वेबसाइट वापरता येते का ते तपासायचं, अडेल तिथे दुरुस्त करायचं. आणि इथे डोंबिवलीत माझी स्वतःची स्थळं मला बाबा वाचून दाखवायचे.

कारण मंडळात प्रत्येक बायोडेटा म्हणजे वर गणपती छापलेल्या कागदाचा फोटो. माझा संगणक तिथे पोचला की नुसतं 'चित्र' म्हणायचा. पुढे गेलं की पुन्हा 'चित्र'. बाबा त्यातले दोन-तीन वाचत, बाकीचे 'आपल्याला जमण्यातले नाहीत' म्हणून सोडून देत. संसार मला करायचा होता, त्यामुळे सगळे मलाच वाचायचे होते.

मंडळ चालवणाऱ्या काकू निवृत्त शिक्षिका, ठाकुर्लीला राहतात. त्यांना गाठलं.

"अगं, पण फोटो किती सुबक दिसतात. वर गणपती असतो."

"गणपती राहू दे, काकू. खाली अक्षरं टाइप करू या."

पुढचे सहा शनिवार मी त्यांच्याकडे ठाण मांडून बसले. त्या कागद बघून टाइप करत, मी वेबसाइटची पानं बांधत होते. एक कळ दाबली की शिक्षण, पुन्हा दाबली की नोकरी, मग अपेक्षा. 'जतन करा' हे बटण फक्त माउसला दाद द्यायचं, त्यालाही वठणीवर आणलं. काकू दमायच्या, चहा ठेवायच्या. मी काही उठले नाही.

तपासायला आधी माझंच पान उघडलं. माझा बायोडेटा बाबांनीच लिहून मला वाचून दाखवला होता; तो मला पाठ, त्यामुळे चूक लगेच कळली असती. संगणक वाचू लागला. जन्मतारीख, उंची, शिक्षण. मग म्हणाला, 'दृष्टी किंचित अधू, चष्मा लागतो.'

मी ते तीनदा ऐकलं.

"कागदावर होतं तेच टाइप केलं गं," काकू हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

तीन वर्षांत चार घरची माणसं मला बघून गेली होती. मी बाहेर आले की त्यांचं बोलणं थांबायचं, चहा कसाबसा संपवून ती निघायची. त्यांना मी मनातल्या मनात किती नावं ठेवली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन बाबांना विचारलं.

"खरं लिहिलं असतं तर कोण आलं असतं? आधी बघायला तर येऊ देत, म्हटलं."

मला राग आला आणि त्यांची कीवही आली. त्यांच्यासमोरच संगणक उघडला, ती ओळ काढली आणि लिहिलं, 'पूर्ण अंध. ठाण्याला रोज एकटी जाते-येते.'

"आता कुणी येणार नाही बघ," बाबा म्हणाले.

"नाही आलं तर नाही. पण आलाच कुणी, तर मला बघायला येईल. आजवरचे सगळे दुसऱ्याच कुणाला तरी बघायला आले होते, बाबा."

आणि मी जतन करायची कळ दाबली.