बिनचपलेचा कूलर

मला खिळा ठोकता येत नाही. जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकदा कॅलेंडरसाठी ठोकायला गेलो, तर खिळा वाकला, अंगठा सुजला आणि भिंतीचं प्लास्टर ताटाएवढं खाली आलं. कॅलेंडर आता फ्रिजला चिकटवलेलं असतं. तेव्हापासून माझ्या मोबाइलमध्ये नळवाला, वायरमन, शेगडीवाला, फ्रिजवाला असे सगळे नंबर आहेत. ‘जेनो काम तेनो थाय’, म्हणजे ज्याचं काम त्यानंच करावं, ही म्हण गुजरातच्या शेजारामुळे आमच्याकडेही चालते, आणि मी ती भिंतीचं प्लास्टर देऊन शिकलो आहे.

बायकोचं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांचं. तिथले पुरुष हातात पाना घेऊनच जन्माला येतात असा माझा संशय आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी मला विहिरीवर नेलं. मोटर बंद पडली होती. ‘जावईबापू, जरा बघा’ म्हणाले. मी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि इथे मोटरवाला कोण आहे असं विचारलं. त्यानंतर मला कोणी विहिरीवर नेलं नाही. चहा मात्र बसल्या जागी मिळतो, त्यामुळे माझं काही नुकसान झालं असं मला वाटत नाही.

खरी पंचाईत वडिलांची होती. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. तहसील कचेरीत कारकुनी केली, पण जीव सगळा घरातल्या पत्र्याच्या पेटीत. त्या पेटीत पकडी, पाने, टेस्टर, कानस, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि कधीतरी लागतील म्हणून जपलेले दोनेकशे स्क्रू. धुळ्याच्या आमच्या घरात कारागिरानं कधी पाऊल टाकलं नाही. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, आईच्या चष्म्याची दांडी, सगळं नानाच करायचे. काही वस्तू दुरुस्तीनंतर आधीपेक्षा जास्त आवाज करायच्या, पण चालायच्या. आपल्या घरचं काम दुसऱ्याकडून करून घेणारा पुरुष त्यांच्या लेखी पाहुणा होता, आणि या हिशेबानं मी जळगावला स्वतःच्याच घरात पाहुणा म्हणून राहतो, असं ते चारचौघांत सांगायचे. मी म्हणायचो, ज्याला पोटापाण्यासाठी हेच काम येतं त्याला ते करू द्यावं. हा वाद आमच्यात तीस वर्षं चालला.

नानांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे कूलर. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर हा घरातला एक माणूसच असतो. लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना वाळा, आत पाण्याचा पंप. आणि लोखंडी कूलर म्हटला की करंट आलाच. खानदेशात घरोघरी कूलरजवळ रबरी चपलांचा एक जोड पडलेला असतो. पाणी भरायचं, तर आधी चपला पायात सरकवायच्या. कोणी तक्रार करत नाही. ‘जरा चप्पल घाला हं, कूलर चावतो’ असं पाहुण्याला सांगतात, जसं काही घरातलं कुत्रं.

आमच्या कूलरजवळ चपला नसायच्या. नानांनी कूलरच्या पत्र्याला एक जाड तार बोल्टनं आवळली होती, ती भिंतीवरून नेऊन अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपला घट्ट बांधली होती. चुकून करंट आलाच तर तो माणसाऐवजी तारेतून जमिनीत जावा, एवढीच अक्कल. पण तिचा थाट मोठा. दर वर्षी कूलर बाहेर काढला की नाना स्वतः अनवाणी उभे राहून त्यावर पूर्ण पंजा टेकवायचे. मग मी, मग बहीण, मग आई. शेवटी त्या दिवशी जो कोणी घरी येईल तो. शेजारचे मास्तर तर दर वर्षी ठरवून यायचे. नाना त्यांना चपला काढायला लावायचे, मास्तर डोळे मिटून हात लावायचे, काही व्हायचं नाही, आणि नाना वर्षभर पुरेल इतके खूश व्हायचे.

मग तीन-चार गोष्टी लागोपाठ झाल्या. नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धुळ्याला राहिले तर आठ दिवसांत स्टुलावर चढतील, म्हणून बहीण त्यांना भडगावला आपल्या घरी घेऊन गेली. आई धुळ्यालाच होती, मी सुट्टी टाकून सोबतीला आलो. अंगणातल्या नळाला तांबडं पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. पाइप आतून गंजला होता. नाना घरी असते तर त्यांनी स्वतःच अंगण खणायला घेतलं असतं. मी संधी साधली. नळवाल्याला बोलावलं आणि जमिनीतला सगळा पाइप काढून प्लास्टिकचा टाकायला सांगितला. सकाळी आला, दुपारी जेवणाआधी काम संपलं. भिंतीत सिमेंटनं पक्का बसलेला हातभर लोखंडी तुकडा आणि त्यावरची तोटी तेवढी त्यानं तशीच ठेवली. पाणी असं आलं की बादली डुलली.

नाना परत आल्यावर मी त्यांना तो नळ जाहिरातीतल्यासारखा सोडून दाखवला. काम असं होतं, म्हटलं, एका दिवसात, स्टुलावर न चढता. नानांनी तोटी उघडली, बंद केली, ‘बरं शे’ म्हणाले आणि आत गेले. मी जळगावला जिंकून आल्यासारखा परत आलो.

पुढच्या उन्हाळ्यात कूलर चावला. आई पाणी भरायला गेली आणि हात झटकून मागे आली. नानांनी त्याच दिवशी कूलर उघडला. वायर बदलली. दुसऱ्यांदा चावला, तेव्हा पंप बदलला. मग दोन दिवस पंखा खोलून बसले. भिंतीवरची तार बोटानं चाचपत नळापर्यंत गेले, तिथला वेढा सोडून पुन्हा आवळला. ‘तार तं बांधेल शे,’ असं आईला दहादा म्हणाले. तरी कूलर चावतच होता. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात एकच निष्कर्ष काढला. डोळ्यांना नीट दिसत नसणार, कुठेतरी चुकीचं जोडलं असणार. मी तर मनातल्या मनात ठेवलंही नाही. फोनवर म्हटलं, नाना, आता पुरे, वय झालं, एक दिवस तुमच्या हातून काहीतरी भलतं होईल. नंतर आईनं सांगितलं की कूलरजवळ चपला ठेवल्या आहेत आणि पेटी माळ्यावर गेली आहे. त्या वर्षी मास्तर आले नाहीत की त्यांना बोलावलं नाही, ते मला माहीत नाही.

त्याच दिवसांत आईची आणखी एक तक्रार होती. ‘नळबी चावस,’ ती म्हणायची. नळावर भांडी घासताना हाताला झिणझिण्या येतात. नळ कसा चावेल? मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. आईनं त्या नेमानं घेतल्या. थंडीत कूलर बंद झाला, झिणझिण्या थांबल्या, आणि मी ते श्रेय गोळ्यांना दिलं.

या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यामुळे बहीण येणार हे ठरलेलंच. सोबत तिची नुकती चालायला लागलेली नात. बहीण या वयात आजी झाली आहे आणि त्याचा तोरा ती मिरवते. ते पोर दिसेल त्याला धरून उभं राहतं. आणि घरात कमरेएवढा थंडगार लोखंडी कूलर. पोरीला काही चपला घालून वावरायला सांगता येत नाही. आईनं तर कूलर बंदच ठेवू म्हटलं, पण चव्वेचाळीस डिग्रीत एवढ्याशा लेकराला कूलरशिवाय ठेवायचं कसं?

तेव्हा नानांचा मला फोन आला. स्वतःहून ते कधी फोन करत नाहीत.

‘आते कारागीर बोलाव,’ ते म्हणाले. ‘मन्हा हातनं काम नही ऱ्हायनं.’

तीस वर्षांचा वाद मी जिंकलो होतो. खरं सांगतो, मला अजिबात बरं वाटलं नाही. हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघेल असं मी धरलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी एसटीनं धुळ्याला गेलो.

वायरमन पन्नाशीचा, कमी बोलणारा. नाना दाराशी खुर्ची टाकून बसले होते, परक्याच्या घरी बसावं तसे. एरवी त्यांनी त्या माणसाला शंभर सूचना दिल्या असत्या. त्यानं कूलर चालू करून पत्र्याला टेस्टर लावला, टेस्टरमधला दिवा लागला. कूलर उघडला. आतलं काम बघितलं आणि म्हणाला, जोडणी कोणी केली, चांगली केली आहे. मोटर जुनी आहे, ओलाव्यानं थोडा करंट पत्र्यावर सोडतेच, पण तो जायला तार आहे की. मग तो तारेच्या मागे मागे अंगणात गेला, नळाला टेस्टर लावला आणि थबकला. तिथेही टेस्टरचा दिवा मिणमिणत होता. आई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. व्हिटॅमिनच्या गोळ्या तिलाही आठवल्या असणार.

त्यानं नळाच्या बुडाशी थोडं उकरलं. बोटभर लोखंड, आणि त्याखाली पांढरं प्लास्टिक.

‘हा पाइप कधी बदलला? प्लास्टिकमधून करंट जमिनीत जाणार कसा?’ त्यानं विचारलं.

आणि मला तो नळवाला आठवला. लख्ख आठवला. करवत हातात घेऊन त्यानं मला विचारलं होतं, ‘साहेब, ही तार कशाची?’ आणि मी खुर्चीत बसून, हातात चहा घेऊन, हसत उत्तर दिलं होतं, ‘वडिलांचं काहीतरी आहे. राहू द्या.’ त्यानं राहू दिली. तार तशीच राहिली, आणि तिच्याखालची जमीन मी काढून घेतली. कामाला माणूस बोलावणं चूक नव्हतं. त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, आणि ज्या घरात मी वाढलो त्या घरातल्या तारेबद्दल मला सांगता आलं नाही. लहानपणापासून दर उन्हाळ्यात मी त्या तारेच्या भरवशावर कूलरला हात लावला होता.

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. वायरमनला काय, त्यानं नवीन अर्थिंग करून दिलं असतं. पण नाना खुर्चीतून उठून नळापाशी आले होते आणि वाकून ते प्लास्टिक बघत होते. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण त्या वेळी माझ्या तोंडातून शाळेतलं मराठी आलं.

‘नाना, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. पाइप मी बदलायला लावला. तार कशाची म्हणून नळवाल्यानं मला विचारलं होतं. मी राहू द्या म्हणालो.’

नाना उकिडवे बसले. त्या पाइपवरून त्यांनी अंगठा फिरवला.

‘सालभर मी मन्हा हातलेच दोष दिन्हा,’ ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, पाइपकडे बघूनच. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वायरमननं सांगितलं की नळाला अर्थिंग देण्याची पद्धत जुनी, आजकाल पाइप कुठे ना कुठे प्लास्टिकचा असतोच, तार जमिनीत न्यायला वेगळा खड्डाच करावा. नानांनी मान डोलावली आणि मला माळ्यावरून पेटी काढायला सांगितली. पेटी खाली आली तसा नानांचा आवाजही परत आला. खड्डा किती खोल, त्यात ओल धरायला कोळसा किती, मीठ किती, यावर त्यांनी वायरमनशी यथेच्छ वाद घातला. तो बिचारा निम्म्या गोष्टी मान्य करत गेला. खड्डा मी खणला. नाना म्हणाले, सरकारी खड्ड्यासारखा नको, सरळ खण. तळहाताला दोन फोड आले, ते मी कोणाला दाखवले नाहीत. वायरमननं खड्ड्यात लोखंडी पट्टी पुरून नळावरची तार तिला जोडली, मोटरही सुकवून, साफ करून बसवली. अर्थिंगला उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी पाजायचं, हे नानांनी मला दोनदा बजावलं, जणू मीच धुळ्याला राहणार होतो.

कूलर सुरू झाला. वायरमननं पत्र्याला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. नळाला लावला, तिथेही नाही. त्यानं सामान आवरलं आणि तो गेला. आई पाण्याची बादली घेऊन आली आणि सवयीनं रबरी चपला पायात सरकवल्या. मीही चपला घालूनच उभा होतो.

नानांनी आपल्या चपला काढल्या आणि कूलरवर पंजा टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग बाजूला झाले.

‘चप्पल काढ,’ मला म्हणाले.

टेस्टर मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी हात पत्र्याच्या जवळ जाऊन थांबला. नाना बघत होते. वर्षभर त्यांनी कूलरपाशी जाताना हेच केलं असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी चपला काढल्या आणि पूर्ण तळहात टेकवला. पत्रा थंड होता, आतला पंखा हाताला थरथरत होता, बाकी काही नाही. फोडांना तर बरंच वाटलं.

‘कोणनं काम शे?’ नानांनी विचारलं.

‘तुमनं,’ मी म्हणालो.

आईनं दोन्ही चपला पायानंच अंगणात भिरकावल्या. ‘सरक, पानी भरू दे,’ ती म्हणाली, आणि अनवाणी पुढे होऊन तिनं बादली कूलरमध्ये ओतली.