आज भांग आहे

वादळात नारळाची दोन झाडं आमच्या होडीवर पडली आणि होडी फुटली. त्यानंतर बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागले. जन्मभर स्वतः सुकाणू धरलेल्या माणसाला आता कुणाच्या तरी हाकेवर जाळी ओढावी लागायची. आई म्हसळ्याच्या बाजारात सुका जवळा घेऊन बसायची. मी त्याच म्हसळ्यात कॉलेजला. एसटीत आईची टोपली माझ्या पायाशी असायची आणि पुढच्या सीटवरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. मी टोपली कधी हलवली नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, हे मी कुठंही सांगते.

पदवीनंतर म्हसळ्यातच जनसंपर्काच्या एका छोट्या ऑफिसात लागले. दिवेआगरच्या होमस्टेवाल्यांच्या मंडळाची प्रसिद्धी आमच्याकडं होती. तीन महिने बघणार, जमलं तर कायम करणार. नाही जमलं तर पुन्हा जवळ्याची टोपली. घरी मात्र मी ‘नोकरी लागली’ एवढंच सांगितलेलं. बाबांनी वाडीभर पेढे वाटले. आता मागं फिरायची सोय नव्हती.

ऑफिसच्या मॅडमनी मंडळाचं सोशल मीडियावरचं, मोजक्या अक्षरांच्या पोस्टचं खातं माझ्या हातात दिलं. मला सवय निबंधाची. ‘निसर्गाच्या सान्निध्यात वसलेल्या आमच्या रमणीय’ इथवर आले, वाक्य अजून पुढं लांबत होतं आणि जागा संपली.

“अगं, लग्नपत्रिका छापतेस का?” मॅडम म्हणाल्या. “एका दमात सांग.”

काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगळं मोजलं जातं हे तेव्हा कळलं. मी ‘सान्निध्यात’ला रजा दिली. हॅशटॅगमध्ये मध्येच जागा सोडली की पुढचा शब्द बाहेर राहतो, हे चुकून कळलं. आणि टाकलेली पोस्ट गुपचूप उडवायची नाही, लोक उत्तर देतात तिथंच बोलायचं, हे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. पण पोस्ट टाकली की मला चैन पडायचं नाही. दर दोन मिनिटांनी मोबाईल उघडायचा. एकच लाईक. ते पण मॅडमचं.

दुसऱ्या महिन्यात, एका शनिवारी सकाळी निघताना बाबा म्हणाले, “आज भांग हाय. समिंदर गप असंल.” मी ऑफिसात पोचल्या पोचल्या लिहिलं: ‘आज भांग आहे. किनारा निवांत. मुलाबाळांना घेऊन या. #दिवेआगर’ एका दमात झालं. स्वतःवर खूश होऊन चहाला गेले.

परत येते तर उत्तरांची रांग. ‘ग्लास केवढ्याला?’ ‘मुलाबाळांना पण? धन्य ते कोकण!’ ‘यंदा होळी लवकर का?’ एकानं तर पोलिसांनाही टॅग केलं.

मंडळाच्या अध्यक्षकाकांचा फोन आला. “काय लिवलंस गो पोरी? पुन्याची फॅमिली निघालेय माझ्याकडं. विचारतात, तुमच्या घरात भांग ठेवता काय म्हनून!”

“काका, मी पाण्याचा भांग म्हटलं...”

“मला शिकवतेस? मी काय घाटावरचा हाय? पुन्याला कोन सांगनार?”

मॅडमनी माझ्या खांद्यावरून वाचलं. “उडव ते.”

“लोकांनी पोस्टचे फोटो काढून ठेवलेत. आता उडवलं तर लपवल्यासारखं दिसेल. तुम्हीच शिकवलंत.”

मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. “मग तासाभरात निस्तर. नाहीतर सोमवारी तुझ्या नोकरीचं बोलू.”

जिन्यावर येऊन बाबांना फोन लावला.

“बाबा, भांग म्हणजे काय ते सांगा.”

“भांग म्हंजे भांग. त्यात काय सांगायचं?”

“पुण्याच्या माणसाला सांगताय असं समजा.”

मी तीन पायऱ्या खाली, तीन वर करत होते.

“त्याला सांग, अष्टमीच्या टायमाला समिंदर आळसावतो. पानी भरतं पन थोडं, उतरतं पन थोडं. अमावस-पुनवेला उधान. तवा जपून.”

मी त्याच पोस्टखाली लिहिलं: ‘शब्दाचा घोळ आमचाच. पिण्याची भांग नव्हे, पाण्याचा भांग. अष्टमीच्या सुमारास समुद्र आळसावतो. पाणी चढतं थोडं, उतरतं थोडं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा जपून. समुद्रावर आयुष्य गेलेल्या माणसाला विचारून लिहिलंय.’ जागा बरोब्बर पुरली.

बराच वेळ काहीच नाही. मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. मग एकानं विचारलं, ‘पण समुद्र पिऊनच आळसावतो ना?’ मी लगेच लिहिलं, ‘पितो, पण खारं पाणी.’ मागं मॅडम खुदकन हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, “अजून तास संपलेला नाही.”

तेवढ्यात तिथंच एका बाईंनी लिहिलं, ‘आम्ही पुण्याहून निघालोय, वाटेतच आहोत. उद्या पोरांना पाण्यात कधी नेऊ?’ काकांच्याच पाहुण्या होत्या त्या. बाबांना विचारून मी वेळ कळवली.

काही जण पुढंही दोन दिवस टिंगल करत राहिले, त्याला इलाज नव्हता. पण सोमवारी काकांचा फोन आला, तो मॅडमना. “पोरीला सांगा, रोज सकाळी पान्याचं लिवत जा. पावने आमाला न्हाय, तिलाच विचारतात.”

मी रोज लिहायला लागले. तीन महिने भरले त्या दिवशी मॅडमनी कायम केल्याचं पत्र दिलं. आज त्या मंडळाचं खातं मी एकटी चालवते.